खंडेनवमीला दारात गाडी हवीच, असं ते म्हणतात

खानापूरहून एका वाचक मुलीचं पत्र आलंय. वय ३०. बेळगावात कॉलेज रोडजवळच्या एका लॅबमध्ये काम करते, पगार १७ हजार. नवरा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर आहे, पगार २९ हजार, पाळ्या बदलत्या. घरात चार वर्षांचा मुलगा आणि हृदयविकाराच्या सासूबाई. ती लिहिते: "काकू, ह्यांनी गाडी बुक करायचं ठरवलंय. चुलत दिरांनी गेल्या वर्षी घेतली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. शोरूमवाले म्हणतात ऑफर खंडेनवमीपर्यंतच. लोन ८ लाखांचं, सात वर्षांचं. कमी पडतील तेवढ्यासाठी माझ्या पाटल्या आणि साज गहाण टाकू म्हणतात. मी नको म्हटलं तर म्हणाले, तू बसला लोंबकळत येतेस ते मला बघवत नाही. यावर मला बोलता आलं नाही. शिवाय शिनोळीच्या मामांच्या पत्त्यावर महाराष्ट्राचा नंबर घेतला तर टॅक्स वाचतो, असंही चाललंय. मी अडवू की गप्प बसू?" सोबत शोरूमच्या कोटेशनची झेरॉक्स जोडली आहे.

बाळ,

गप्प बसू नकोस. पण "अडवू की" असंही म्हणू नकोस. तुझा नवरा वाईट काही करत नाहीये, त्याला आधी नीट समजून घे. दिवसभर क्रँकशाफ्टवर काम करणारा माणूस आहे तो. उद्यमबागेत ओतलेले आणि घासूनपुसून तयार झालेले भाग कुठल्या कुठल्या गाड्यांत जातात, आणि ते करणारी पोरं रेनकोट घालून बाईकवरून घरी येतात. अशा माणसाला आपल्याही दारात गाडी असावी असं वाटलं तर त्यात काय चूक? आणि "मला बघवत नाही" हे तो मनापासून बोललाय. भांडणात ते वाक्य खोटं पाडायला जाऊ नकोस.

पण ते वाक्य धरूनच हिशेब मांडून बघ. ह्यांची पाळी सकाळची असेल तर ते पहाटेच निघणार. तुझी लॅब ९ वाजता. दुसरी पाळी असेल तर तू परत येताना ते मशीनवर. म्हणजे महिन्यातले किती दिवस तू त्या गाडीतून येशील? मी मोजून बघितलं, आठवड्याच्या सुट्ट्या धरूनही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे दिवस तू बसमध्येच असशील आणि गाडी उद्यमबागेत कारखान्याच्या गेटबाहेर उन्हात उभी असेल. सासूबाईंसाठी म्हणशील, तर तेही तसंच. त्यांना रात्री दोनला त्रास झाला आणि हे रात्रपाळीला असले, तर गाडी त्यांच्याबरोबर २२ किलोमीटर लांब. ज्या दोन माणसांसाठी गाडी घ्यायची म्हणतात, त्या दोघांच्या उपयोगाला ती नेमक्या वेळी नाही. हे त्यांच्या लक्षात आलेलं नसावं. रागाने नको, कागदावर पाळ्यांचं वेळापत्रक काढून त्यांच्यासमोर ठेव.

आता पैशाचं. मी बेळगावच्याच एका शोरूममध्ये बिलिंगला नऊ वर्षं काढली आहेत, त्यामुळे तुझं कोटेशन बघून हात आपोआप पेन्सिलकडे गेला.

गाडीची किंमत ८ लाख ५० हजार. यावर कर्नाटकचा आजीवन टॅक्स. ५ ते १० लाखांच्या गाडीला तो १४ टक्के, आणि त्या टॅक्सवर परत ११ टक्के सेस. म्हणजे १ लाख १९ हजार अधिक १३ हजार, मिळून १ लाख ३२ हजार. हे सरकारचं आहे, यात घासाघीस नाही. पुढच्या चार ओळी बघ: विमा ४६ हजार, वाढीव वॉरंटी १४ हजार, ऍक्सेसरीज किट १२ हजार, हँडलिंग ८ हजार. मिळून ८० हजार. एकूण १० लाख ६२ हजार. शोरूमवाला तोंडी "साडेआठची गाडी" म्हणाला असेल, आणि तुम्ही मनात नऊ धरले असतील.

या ८० हजारांवर मला थांबायचंय, कारण ते मी स्वतः टाईप करत होते.

हँडलिंग म्हणजे गाडी गोडाऊनमधून शोरूमला आणली, धुतली, पुसली, त्याचे पैसे. हा डीलरचा धंद्याचा खर्च, त्याला त्याचं कमिशन मिळतं. गिऱ्हाइकाने "देत नाही" म्हटलं की ती ओळ निघते, माझ्या डोळ्यांदेखत कितीदा निघाली आहे. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरून दोन-तीन कंपन्यांचे भाव काढ. फक्त एवढं ध्यानात ठेव की नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, सप्टेंबर २०१८ पासून. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एकेक वर्षाचा घेता येतो. किटमध्ये मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप असतं. तेच बाहेरच्या दुकानात विचारून बघा, फरक लगेच कळेल.

एक प्रसंग सांगते. बैलहोंगलकडचे एक आजोबा उसाचं बिल मिळाल्यावर मुलासाठी गाडी घ्यायला आले होते. पिशवीतून रोख काढून, थुंकी न लावता, बोटं धोतराला पुसून पुसून नोटा मोजत होते. बिलावरच्या हँडलिंगच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "ताई, हे काय?" मी तोंड उघडायच्या आत मागून मॅनेजर म्हणाले, "ते आरटीओचं आहे." आरटीओचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. आजोबांनी मान डोलावली आणि पैसे दिले. मी पावती फाडून हातात ठेवली. आज पंधरा वर्षं झाली असतील, ते बोट माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. तेव्हा मी बोलायला हवं होतं. म्हणून आता कुणी कोटेशन पाठवलं की मी ते सोडत नाही.

तर गाडी १०.६२ लाखांची, लोन ८ लाखांचं. साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता १३ हजार ७५ रुपये बसतो. सात वर्षांत जवळजवळ ३ लाख नुसतं व्याज. पाच वर्षांचं घेतलं तर हप्ता १६ हजार ८०० आणि व्याज २ लाख ८ हजार. शोरूममध्ये सात वर्षांचाच हप्ता सांगतात, कारण तो आकडा कानाला हलका लागतो. पेट्रोलचं बघ: खानापूर-उद्यमबाग जाऊन येऊन ४५ किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे सव्वाअकराशे किलोमीटर. लिटरला १५ धरले तर ७५ लिटर. शंभरच्या भावाने साडेसात हजार, आणि भाव शंभरच्या वरच आहे. बाईकला हेच २२-२३ लिटरमध्ये भागतं. शिवाय वाटेतला गणेबैलचा टोल. दुचाकीला तो नाही, चारचाकीला आहे. सगळे ज्याचं कौतुक करतात तो वार्षिक फास्टॅग पास २०० फेऱ्यांचा असतो. रोज येऊन जाऊन दोन फेऱ्या म्हटल्यावर १०० दिवसांत संपला. तुम्हाला उपयोगाचा तो नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा मासिक पास. तो विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

सर्व्हिसिंग, टायर, पुढचा विमा यांचे महिन्याला अडीच हजार धर. दागिन्यांवरच्या कर्जाचं व्याज हजार-दीड हजार. सगळं मिळून २४ हजारांच्या वर जातं. तुमच्या दोघांचे ४६ हजार. निम्म्याहून जास्त पगार गाडीला गेल्यावर सासूबाईंची औषधं, मुलाची पुढच्या वर्षीची शाळा आणि किराणा उरलेल्यात बसवायचा. तू हे करून दाखवशीलही. आपल्याकडच्या बायका करतात. पण सात वर्षं?

आणि दागिने. ते तुझे आहेत. प्रेमाने मागितले तरी तुझे आहेत. सोनं आज ना उद्या तेवढ्याचंच राहतं किंवा वाढतं. गाडीचं काय होतं ते विमा कंपन्यांच्याच तक्त्यात आहे: सहा महिन्यांनंतर १५ टक्के घट, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, पाचव्या वर्षी किंमत निम्मी. निम्म्या किमतीच्या गाडीचे आणखी दोन वर्षांचे हप्ते शिल्लक. या वस्तूसाठी साज गहाण टाकायचा नाही, यावर तू ठाम राहा. बाकी सगळ्यात मिळतंजुळतं घे, यात नको.

मामांच्या पत्त्याचं. टॅक्स वाचतो हे खरं आहे. महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे या गाडीला साडेत्र्याण्णव हजार. फरक ३८ हजारांचा. पण गाडी कायम खानापुरात राहणार. मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमाप्रमाणे १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवलेली गाडी तिथे परत नोंदवावी लागते आणि तिथला टॅक्स भरावा लागतो. मग मूळ आरटीओची एनओसी, टॅक्सचा परतावा मागायला कोल्हापूरच्या खेपा, प्रत्येक तपासणीला पोटात गोळा. आपल्या सीमाभागात 'एमएच ०९' पाटी बघून ऊर भरून येतो, मलाही येतो. पण खोट्या पत्त्यावरची पाटी लावून रोज भीत भीत चालवण्यात ते समाधान मिळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बस कंडक्टरच्या प्रकरणावरून दोन्ही राज्यांच्या एसट्या काही दिवस थांबल्या होत्या, आठवतंय ना? त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या महाराष्ट्र पासिंगच्या गाड्याही दारातच उभ्या होत्या.

चहाच्या टपरीवर ह्यांच्या कानावर जे पडतं त्यावरही बोलते. मारुती म्हणजे पत्रा, टाटा म्हणजे लोखंड. अशा बोलण्यावर माणसं दोन-दोन लाख जास्त मोजतात. टाटाच्या नेक्सॉनला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक-चाचणीत पाच स्टार मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच, तेव्हापासून हे बोलणं पक्कं झालं. पण २०२४ मध्ये मारुतीच्या नव्या डिझायरलाही पाच मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप आहे. मॉडेलनुसार स्टार बघायचे, कंपनीनुसार नाही. आणि सेल्समन "जीएसटी परत वाढेल" म्हणून घाबरवत असेल, तर सांग: चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के लागतो, आधी सेस धरून २९ होता. हा दर खंडेनवमीच्या ऑफरला बांधलेला नाही. ऑफर दसऱ्यानंतर दिवाळीला येते, दिवाळीनंतर डिसेंबरात येते. डिसेंबरात तर जास्तच, कारण वर्ष बदललं की शिल्लक गाडी एक वर्ष जुनी दिसते. नऊ वर्षांत मी 'शेवटची ऑफर' शेवटची झालेली बघितली नाही.

आता बस. कारण तुझ्या नवऱ्याचं खरं दुखणं तिथे आहे, आणि मला याच्याबद्दल जास्त बोलायचंय.

११ जून २०२३ ला कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना सुरू झाली तेव्हा मी उचगाव फाट्यावर उभी होते. माझ्यापुढे एक शेतमजूर बाई होत्या, डोक्यावर भाजीची पाटी. कंडक्टरने शून्याचं तिकीट फाडून दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं बघितलं, पदराच्या गाठीत बांधलं, आणि परत सोडून बघितलं. त्या दिवसापासून आपल्या तालुक्यांतल्या किती बाया घराबाहेर पडल्या, ते बसमध्ये चढल्यावर दिसतं. तुझ्या १७ हजारांतले तिकिटाचे पैसे वाचतात ते त्यामुळेच. पण बाया वाढल्या त्या मानाने गाड्या वाढल्या नाहीत. संध्याकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर खानापूरची गाडी लागली की दारात जी रेटारेटी होते, ती मी बघितली आहे. एक पाय पायरीवर, एक हात दांडीवर, डब्याची पिशवी दुसऱ्याच्या पोटाला लागलेली. तुझा नवरा हेच बघतो. तो बरोबर बघतो.

मात्र ज्याला परवडतं तो एकेक माणूस गाडी घेऊन बाजूला झाला, की डेपोवर जाऊन बोलणारं कुणी उरत नाही. मागे राहतात त्या पाटीवाल्या बाई, ज्यांना अर्ज लिहिता येत नाही. तुला येतो. वही घे, पंधरा दिवस लिही: किती वाजता गाडी लागली, किती जण उभे होते, किती जण मागे राहिले. आकडे आणि तारखा. त्यावर रोजच्या पंचवीस-तीस जणींच्या सह्या घे आणि खानापूर डेपो मॅनेजरांना अर्ज दे, प्रत बेळगावच्या विभागीय नियंत्रकांना आणि आमदारांना. अर्ज कन्नडमध्ये लिहून घे, मराठी प्रत जोड. काम होणं महत्त्वाचं, आणि लॅबमधली एखादी कन्नड मैत्रीण अर्ध्या तासात लिहून देईल. आमच्या वेंगुर्ले रस्त्यावर आम्ही असंच केलं होतं. पहिल्या अर्जाला काही झालं नाही. दुसऱ्या वेळी आठ-दहा जणी मिळून गेलो, वही टेबलावर ठेवली, तेव्हा संध्याकाळची एक जादा फेरी सुरू झाली. आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर धारवाडात टाटांचा बस बांधायचा कारखाना आहे, आणि आपल्या लोकांना उभं राहायला जागा नाही, याचा मला खरंच त्रास होतो.

रेल्वेही विसरू नकोस. खानापूर, इदलहोंड, देसूर, बेळगाव अशी लाईन आहेच. शक्ती तिथे चालत नाही, पण पॅसेंजरचा मासिक पास काढून बघ. येताना तुझ्या वेळेला एखादी गाडी जुळली तरी आठवड्यातले काही दिवस सुखाचे जातील.

पावसाळ्याचं मात्र मी तुझ्या नवऱ्याच्या बाजूने आहे. खानापूरचा पाऊस बेळगावच्या पावसासारखा नाही. जून ते सप्टेंबर रात्रपाळीला हायवेवरून बाईक, समोरून ट्रकचा झोत, हे धोक्याचं आहे. खानापुरातून उद्यमबागेत त्याच पाळीला जाणारे आणखी चार-पाच जण नक्की असतील. त्या चार महिन्यांसाठी मिळून महिन्याच्या भाड्याने एक वडाप, म्हणजे सीटवर चालणारी जीप, ठरवा. कारखान्याच्या मालकालाही विचारा, पाळीची माणसं वेळेवर येणं त्याच्याही फायद्याचं आहे.

सासूबाईंसाठी: महिन्याला एकदा केएलई हॉस्पिटलला तपासणी, त्याला गाडी भाड्याने करा. जाऊन येऊन दोन हजार धरले तरी वर्षाला २४ हजार, म्हणजे हप्त्याचे दोन महिनेसुद्धा नाहीत. अचानक काही झालं तर १०८ फुकट येते. गल्लीतल्या ज्याच्याकडे गाडी आहे अशा दोघांचे नंबर, एका भाड्याच्या ड्रायव्हरचा नंबर, मोठ्या अक्षरात दाराजवळ चिकटव. सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.

तर ह्यांना हे सांग: दोन वर्षं थांबू. हप्त्याएवढे १३ हजार जमणार नाहीत, ८ हजार तरी दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकू. दोन वर्षांनी जवळ १ लाख ९२ हजार आणि आत्ताची शिल्लक. तेव्हा चार-पाच वर्षं वापरलेली छोटी गाडी, थोडंसं लोन काढून किंवा न काढताही. जुनी घेताना बँकेचा बोजा उतरलाय का, विमा चालू आहे का, दंड बाकी आहेत का, हे बघा, आणि उद्यमबागेतलाच एखादा ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या. तोपर्यंत तुमच्या पाळ्या काय होतात, मुलगा कुठल्या शाळेत जातो, हेही कळलेलं असेल. आणि त्या वेळी गाडी घरी राहील, सासूबाईंच्या दाराशी, असं आत्ताच ठरवा. म्हणजे तू शिकायला हवंस. लायसन्स दोघांचं. लर्निंग लायसन्सचा अर्ज यंदाच टाक, खर्च फार नाही.

चुलत दिरांच्या गाडीबद्दल तू चार ओळी लिहिल्या आहेस, त्यावर मी काही बोलत नाही. त्यांचा पगार काय, शेती किती, लोन किती, हे आपल्याला ठाऊक नाही.

खंडेनवमीला ह्यांच्या बाईकची पूजा तूच कर, मुलाला हळदीकुंकू लावायला दे. बुकिंगचे पैसे भरले असतील तर पावती आधी ताब्यात घे आणि रद्द करताना किती कापतात ते पावतीच्या मागे छापलेलं असतं, ते वाच. झेरॉक्समध्ये मागची बाजू आलेली नाही. ती पाठव, मी बघून कळवते.

तुझी,
काकू